मुरगळलेला घोटा आणि वेठीची पावले

#धागा

गेल्या उन्हाळ्यात तलासरीहून झरीकडे पायी जाताना माझा घोटा मुरगळला. २३ मे १९४५ रोजी याच झरीत, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात, वारल्यांनी वेठबिगार नाकारण्याचा निर्धार केला. ते गाव पाहणे राहून गेले. अंथरुणावर पडल्या पडल्या मात्र निराळाच इतिहास वाचून झाला : दुखावलेल्या सांध्याला पुन्हा कामास लावण्याचा.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात हाताच्या दुखापतीनंतरचा एक क्रम आहे. आधी मातीचा गोळा धरावा, मग मीठ, आणि बळ आल्यावर दगड. घोट्यासाठी हे सांगितलेले नाही. पण भार पायरीपायरीने वाढवावा हे तत्त्व आजचेच वाटते.

१९६५ साली ब्रिटिश शल्यविशारद मायकेल फ्रीमन यांनी सहकाऱ्यांसह एक वेगळा विचार मांडला. घोटा पुनःपुन्हा मुरगळतो, त्यामागे केवळ ढिले अस्थिबंध नसतात. पाऊल कसे पडले आहे हे कळवणाऱ्या सांध्यातील संवेदनाही दुखावलेल्या असतात. त्यावर उपाय : डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा सराव. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतील गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री लोकप्रिय केली. बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबूही शकते, अशी कबुली नंतर त्यांनीच दिली. स्वतःचे गाजलेले सूत्र स्वतःच मागे घेणारे विरळाच!

मलाही थोड्याच दिवसांत व्यायाम सुरू करण्यास सांगितले गेले. आधी पावलाने हवेत मुळाक्षरे काढायची (‘क्ष’पर्यंत पोचता पोचता घाम फुटतो), मग भिंतीला धरून टाचा उचलायच्या, शेवटी दुखऱ्या पायावर एकट्यानेच उभे राहायचे. ज्याला चार पावलेही टाकता येत नाहीत, त्याने मात्र व्यायामाआधी एक्स-रे काढून घ्यावा.

हे सारे वाचताना झरी मनातून जात नव्हती. जमीनदाराचे बोलावणे आले की वारल्याला स्वतःचे शेत टाकून वेठीला जावे लागे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी लग्नगडी होऊन राबावे लागे. अशा माणसाचा घोटा मुरगळला तर विश्रांती की व्यायाम, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा तरी राहत असेल का? गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी या प्रश्नासह पुन्हा वाचायला घेतले आहे.

सहा आठवड्यांनी झरीला गेलो. पायीच, पण काठी घेऊन.