एक समाज, अनेक उत्तरे

ज्यू हा धर्म की राष्ट्र, ह्या प्रश्नाला खुद्द ज्यूंनी एकमुखी उत्तर कधीच दिलेले नाही. झायोनिझम हा साऱ्या ज्यूंचा एकमुखी कौल होता, हा आपल्याकडील रूढ समज म्हणूनच आम्हांस इतिहासाला धरून वाटत नाही.

थिओडोर हर्झल ह्यांनी पहिली झायोनिस्ट परिषद म्युनिकला योजिली होती. तेथील ज्यूंच्याच विरोधामुळे ती ऑगस्ट १८९७ मध्ये बाझेल येथे भरवावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात विल्ना येथे ज्यू कामगारांचा 'बुंड' पक्ष जन्मास आला. जेथे आहोत तेथेच हक्क मिळवावेत आणि आपली यिडिश भाषा जोपासावी, हा त्याचा आग्रह. अहद हाआम ह्यांना पॅलेस्टाइनमध्ये राज्यापेक्षा सांस्कृतिक केंद्र हवे होते. ती भूमी ओसाड नाही, तेथे अरब नांदत आहेत, हा इशारा त्यांनी १८९१ सालीच दिला होता.

'माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणां'मुळे आपल्या परिचयाचे झालेले भारतमंत्री एडविन माँटेग्यू स्वतः ज्यू. ज्यूंना निराळे राष्ट्रीय घर दिल्यास इतर देशांत ते परके ठरतील, ह्या भीतीने त्यांनी १९१७ मध्ये बाल्फोर जाहीरनाम्यास कसून विरोध केला. अन्य देशांतील ज्यूंच्या हक्कांना बाध येणार नाही, अशी ग्वाही त्या जाहीरनाम्यात आढळते.

पुढे नाझींनी सुमारे साठ लाख ज्यूंचा संहार केला आणि वादाचे पारडे फिरले. १९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाले. त्याच युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब बेघर झाले. एकाच्या घराचा प्रश्न सुटताना दुसऱ्याचा उभा राहिला.

आमच्या कोकणातील बेने इस्राएल, म्हणजेच 'शनिवार तेली', ह्यांनी बाझेलचे निमंत्रण नाकारले होते. परतणे ईश्वरी हातूनच घडावे, ही त्यांची श्रद्धा. १९४८ नंतर मात्र त्यांतील बहुसंख्य तिकडे गेले. तेथे विवाहाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणाचीच चौकशी होऊ लागली. आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. ज्यूपण सिद्ध करावे लागलेल्या ह्या मंडळींनी मराठी मात्र सोडली नाही. इस्राएलमध्ये त्यांनी 'मायबोली' हे नियतकालिक चालविले.

माणसाचे घर पूर्वजांच्या भूमीत, जन्मभूमीत की भाषेत? एकाच समाजाने ह्याची तिन्ही उत्तरे दिली आणि प्रत्येकासाठी किंमत मोजली. स्वप्रांतापासून दूर राहणाऱ्या आपणांस त्यांतील एकही परके वाटू नये.