दूझोंग

दूझोंग (शास्त्रीय नाव: यूकॉमिया अल्मॉइडीस) हा मध्य चीनमधील पानझडी वृक्ष असून त्याची साल पारंपरिक चिनी वैद्यकात औषध म्हणून वापरली जाते. यूकॉमिएसी या कुळात आज ही एकच प्रजाती उरली आहे. या प्रजातीच्या जवळच्या नातलगांचे जीवाश्म मात्र युरोप व उत्तर अमेरिकेतही सापडले आहेत. ऑगस्टिन हेन्री यांनी चीनमधून पाठवलेल्या नमुन्यांवरून डॅनियल ऑलिव्हर यांनी १८९० मध्ये या वृक्षाचे शास्त्रीय वर्णन केले.

वर्णन

वृक्ष साधारणपणे १५ ते २० मीटर उंच वाढतो. नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. फुलांना पाकळ्या नसतात, परागण वाऱ्याने होते आणि फळ पंखयुक्त व एकबीजी असते. पान, साल किंवा फळ मोडून दोन तुकडे अलगद दूर केले, तर त्यांच्यामध्ये रुपेरी-पांढरे चिवट तंतू ताणले जातात. हे तंतू म्हणजे दंतवैद्य दातांच्या मुळांत भरतात त्या गट्टापर्चासारखाच पदार्थ होय. सोव्हिएत संघात त्यासाठी या वृक्षाची लागवड करून पाहिली गेली.

औषधी उपयोग

‘शेननोंग बेनचाओ जिंग’ या प्राचीन ग्रंथात दूझोंगची गणना उत्तम वर्गातील द्रव्यांत केली आहे. यकृत व मूत्रपिंड यांना पोषक, कंबर व गुडघ्यांच्या दुखण्यावर उपयुक्त आणि गर्भ स्थिर ठेवणारी, असे तिचे गुण परंपरेने मानले जातात. (चिनी वैद्यकातील ‘मूत्रपिंड’ ही संकल्पना शरीरशास्त्रातील अवयवापेक्षा व्यापक आहे.) सुन सिमियाओ यांच्या सातव्या शतकातील ग्रंथात आलेल्या ‘दूहुओ जिशेंग तांग’ या सांधेदुखीवरील काढ्यात ती एक घटक आहे.

साल मिठाच्या पाण्यासह परतण्याची पद्धत आहे. तंतू सहज तुटू लागले की ती तयार झाली असे समजतात. सालीतील पिनोरेसिनॉल डायग्लुकोसाइड हे रक्तदाब कमी करणारे द्रव्य १९७६ मध्ये ओळखले गेले आणि चिनी औषधसंहितेत त्याचे किमान प्रमाण ०.१० टक्के ठरवले आहे. तथापि मानवी रुग्णांवरील पुरावा मर्यादित असल्याने रक्तदाबाच्या नेहमीच्या औषधाऐवजी ही साल घेणे योग्य नाही. जपानमध्ये पानांचा चहा ‘तोचू’ या नावाने पितात.

भेसळ

यूओनिमस या प्रजातीसमूहातील आणि करवीर कुळातील काही वनस्पतींच्या साली दूझोंग म्हणून विकल्या जातात. त्यांतूनही तंतू निघतात, त्यामुळे केवळ तंतू दिसले म्हणून साल अस्सल ठरत नाही. अस्सल सालीचे तंतू दाट व बारीक असतात आणि बरेच ताणले जातात. करवीर कुळात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये आढळत असल्याने ही चूक किरकोळ मानता येत नाही.

साल काढणे व संवर्धन

साल उन्हाळ्याच्या सुरुवातीस काढतात. तिची बाहेरची खडबडीत पापुद्री खरवडून टाकतात. मग साली एकावर एक रचून दडपून ठेवतात. आतली बाजू जांभळट-तपकिरी झाली की त्या वाळवतात. खोडाभोवतीची संपूर्ण साल निष्काळजीपणे सोलली, तर अन्नवाहिन्या तुटून झाड मरते. अशा तोडीमुळे जंगली झाडे अतिशय विरळ झाली असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ही प्रजाती असुरक्षित गटात ठेवली आहे.

झाड वाचवून साल मिळवण्याची पद्धत चिनी वनस्पतिशास्त्रज्ञांनी अभ्यासली आहे. दमट, उबदार हवेत साल सोलून उघड्या खोडाला हात न लावता त्यावर प्लॅस्टिकचे आवरण गुंडाळले, तर पृष्ठभागावरील कोवळ्या पेशींपासून नवी साल तयार होते. आज बाजारातील बहुतेक साल ग्वेझो, शान्शी, सिच्वान, हुबेई, हुनान आणि हेनान या प्रांतांतील लागवडीतून येते.