आनुवंशिक नेत्रविकार
जनुकीय दोषामुळे एकाच कुटुंबातील अनेकांना होऊ शकणारे डोळ्यांचे विकार. रेटिनायटिस पिग्मेंटोझा, रंगांधळेपणा, जन्मजात मोतीबिंदूचे काही प्रकार आणि रेटिनोब्लास्टोमा हा बालवयातील कर्करोग हे त्यांतील प्रमुख होत. रेटिनायटिस पिग्मेंटोझात बहुधा आधी रातांधळेपणा येतो, मग नजरेचा घेर आक्रसतो. रुग्ण समोरचे वाचतो, पण पायाखालच्या उंबऱ्याला अडखळतो. आईवडील दोघेही एकाच अप्रभावी जनुकदोषाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आते-मामे भावंडांच्या विवाहात हा धोका वाढतो. आरपीई६५ जनुकातील दोषावरील जनुकोपचाराला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. घरात एकाला निदान झाल्यास सर्व भावंडांचे डोळे तपासून घेणे इष्ट ठरते.