फी जूनमध्ये, कापूस दिवाळीला

आमच्या बोरी अरबच्या काळ्या मातीचे एक वेळापत्रक आहे. मृगाचा पाऊस पडला की घरात असेल-नसेल तो पैसा बियाणे आणि खतात जातो. कापसाची पहिली वेचणी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास. तूर त्याच्याही नंतर. ज्याच्याकडे शेत नाही, शेतात मजुरी किंवा गावात छोटे दुकान आहे, त्याचेही हेच वेळापत्रक, कारण गिऱ्हाइकाच्या हातात पैसा आला तरच त्याच्या हातात येणार. कॉलेजचे वेळापत्रक मात्र उलटे. बारावीचा निकाल लागतो, प्रवेश सुरू होतात आणि फी, वसतिगृहाचे डिपॉझिट, यवतमाळ-अमरावतीला खोलीचे भाडे हे सगळे नेमके जून ते ऑगस्टमध्ये मागितले जाते. म्हणजे घर वर्षातले सर्वात रिकामे असते तेव्हा.

विद्यार्थी कर्जात कसा अडकतो, याचे उत्तर बरेच जण रकमेत शोधतात. उर्दू-मराठी शिकवताना मुलांचे फॉर्म भरून देण्याचे कामही माझ्याकडे येते, आणि तिथे मला दिसते ते वेगळे आहे. रकमेइतकाच घात महिना करतो. सरकारी शिष्यवृत्ती मंजूर होते, पण ती खात्यात पडते हिवाळ्यात किंवा पुढचे वर्ष उजाडल्यावर. मधले सहा-आठ महिने कोण भरून काढतो? सावकार, नाहीतर अम्मीचे दागिने.

आपल्या आधीच्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ.

सुरुवात बंगालपासून करतो, कारण तिथली गोष्ट डोळे उघडणारी आहे. हुगळीचे हाजी मुहम्मद मोहसीन यांनी 1806 मध्ये आपली संपत्ती वक्फ केली. 1812 मध्ये ते वारले. पुढे या वक्फचा कारभार सरकारच्या हाती गेला आणि त्याच पैशातून 1836 मध्ये हुगळी कॉलेज उभे राहिले. कॉलेज उत्तम होते, पण त्यात मुसलमान विद्यार्थी मोजकेच. एका मुसलमानाच्या वक्फवर चालणाऱ्या संस्थेत मुसलमानांचीच पोरे नाहीत, यावर बरीच टीका झाली आणि 1873 मध्ये त्या निधीचा उपयोग बदलून मुस्लिम विद्यार्थ्यांच्या वजीफ्यांकडे वळवला गेला. म्हणजे पैसा तर होता, फक्त तो गरजूपर्यंत जायला साठ वर्षे लागली. 1882 च्या हंटर आयोगानेही मुसलमानांसाठी प्राथमिक शाळेपासून कॉलेजपर्यंत खास शिष्यवृत्त्या आणि काही जागा मोफत ठेवण्याची शिफारस केली. शिफारस कागदावर सुंदर दिसते. ती वाचून खोलीचे भाडे भरता येत नाही.

म्हणून मला त्याच काळातली अलीगढची एक छोटी गोष्ट जास्त मोलाची वाटते. 1890 मध्ये तिथल्या एम.ए.ओ. कॉलेजमध्ये साहबजादा आफताब अहमद खान आणि त्यांच्या सोबत्यांनी 'अंजुमन-अल-फर्ज' काढली. इंग्रजीत तिला ड्यूटी सोसायटी म्हणत. हे लोक नवाब नव्हते, विद्यार्थी होते. सुट्टीत घरी जाताना वर्गणीची पावती पुस्तके घेऊन जायचे, लोकांकडून चार-आठ आणे गोळा करायचे आणि त्यातून गरीब सोबत्याचा खर्च चालवायचा. मदत घेणाऱ्यावर नैतिक बंधन एवढेच, की कमावता झालास की परत कर, म्हणजे पुढच्या मुलाला देता येईल. व्याज नाही. हेच आफताब अहमद खान पुढे अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपण सर सय्यद यांचे भाषण दरवर्षी ऐकतो, पण ही पावती पुस्तके विसरतो.

मुंबईत दोनच वर्षांनी, 1892 मध्ये, जमशेदजी टाटांनी परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी एन्डोमेंट सुरू केले. त्याचे वैशिष्ट्य हे की ती 'कर्ज-शिष्यवृत्ती' होती. दान म्हणून पैसे देऊन विसरून जायचे नाही, तर परतफेडीवर पुढच्याला उभे करायचे. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन 1945 मध्ये लंडनला गेले ते याच पैशावर. आणि आपल्या वऱ्हाडावर कागदोपत्री ज्यांची मालकी होती त्या निजामाचे सांगायचे, तर 1895 मध्ये हैदराबादची सोळा वर्षांची एक बंगाली ब्राह्मण मुलगी निजामाच्या वजीफ्यावर इंग्लंडला शिकायला गेली. तिला जग सरोजिनी नायडू म्हणून ओळखते. आज कोण कोणाला मदत करतो यावर ज्या चर्चा चालतात, त्यांत ही गोष्ट कोणी काढत नाही.

महाराष्ट्रात यायचे तर कोल्हापूरला थांबावेच लागते. शाहू महाराजांनी 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू केले, आणि त्या शिक्षण संस्थेचे अध्यक्षपदही स्वतःकडे घेतले. महाराजांना एक गोष्ट नीट कळली होती. खेड्यातल्या मुलाला फीपेक्षा शहरातली भाकर आणि छप्पर महाग पडते. बोर्डिंगमध्ये ते जूनपासून मिळते, हिवाळ्यात नाही. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात तेच केले, सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसवून, आणि वसतिगृह अडचणीत आले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. त्यांची 'कमवा आणि शिका' ही योजना आज बऱ्याच कॉलेजांत नावापुरती उरली आहे. जिथे खरोखर चालते, तिथे मुलांनी लाजू नये.

बाबासाहेबांचे शिक्षण हे तर या विषयाचे पूर्ण पुस्तकच आहे. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांना कोलंबियासाठी महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षे बडोद्याच्या नोकरीचा करार. पैसा महिन्याच्या महिन्याला येई, म्हणून माणूस पुस्तकात डोके घालू शकला. करार पाळायला ते 1917 मध्ये बडोद्याला गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हे सर्वांना माहीत आहे. 1920 मध्ये अर्धवट राहिलेल्या लंडनच्या शिक्षणासाठी ते पुन्हा निघाले, तेव्हा सिडनहॅममधल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज असे तीन धागे एकत्र करून ते गेले. बचत, इमदाद आणि ओळखीतले कर्ज. आजही गरीब विद्यार्थी याच तीन धाग्यांनी आपली चादर विणतो.

आता आजचे बघू. 2006 च्या सच्चर अहवालानंतर केंद्राने अल्पसंख्याकांसाठी मॅट्रिकोत्तर आणि मेरिट-कम-मीन्स शिष्यवृत्त्या आणल्या. 2022 मध्ये त्यातला काही भाग आटला. मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली, परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज-सवलत देणारी 'पढो परदेस' बंद झाली, पहिली ते आठवीची शिष्यवृत्तीही थांबली. राग येणे साहजिक आहे. पण रागात आपण एक खिडकी बंद झाली म्हणून बाकीच्या खिडक्यांकडे पाठ फिरवतो, हे मला जास्त खटकते. आपल्या लोकांना 'अल्पसंख्याक' एवढीच खिडकी दिसते. बाप अल्पभूधारक शेतकरी असेल किंवा नोंदणीकृत मजूर असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या मुलासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पंजाबराव आपल्याच वऱ्हाडचे, अमरावतीचे. शुल्कासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. आणि 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ आहे. मुलीला यवतमाळला पाठवायला कचरणाऱ्या अब्बांना हे मी मुद्दाम सांगतो.

ओबीसीचा मुद्दा निघालाच आहे तर एक कागद सांगून ठेवतो. बागवान, तांबोळी, मणियार, पिंजारी, अत्तार, मोमीन अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पण जात पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. कुठल्यातरी चुलत आजोबाच्या दाखल्यावर, जुन्या महसुली नोंदीत, कधी उर्दूत, बिरादरीचे नाव सापडते. ते शोधायला महिने जातात. मूल बारावीत गेल्यावर हे काम सुरू केले तर उशीर झालेला असतो. नववी-दहावीत सुरू करावे.

कर्जाबद्दल आपल्या घरांत सरळ बोलले जात नाही, कारण मधे सूद येतो. दीनदार माणूस बँकेचे शैक्षणिक कर्ज नाकारतो, आणि त्याच्या इमानाचा मी आदर करतो. पण तोच माणूस ऑगस्टमध्ये सावकाराकडे दागिने ठेवतो. बँकेचे व्याज हराम आणि सावकाराचे हलाल, असे तर कुठे लिहिलेले नाही. सावकाराच्या व्याजाला कागद नसतो, मुदत नसते आणि हप्ता चुकला की दागिना जातो. बँकेच्या शैक्षणिक कर्जात निदान शिक्षण चालू असेपर्यंत आणि नंतर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही. चार लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. त्या काळातले व्याज साचत जाते, हे मात्र लोक विसरतात. 2009 पासून साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी त्या काळातले व्याज सरकारने भरण्याची योजना आली, आणि 2024 मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजनेने सवलतीचा आवाका वाढवला. राज्यात मौलाना आझाद महामंडळही कमी व्याजाचे शैक्षणिक कर्ज देते. काय घ्यायचे आणि काय नाही, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. फक्त सावकाराकडे जाण्याआधी विचारावे.

कॉलेज अडवून धरते तेव्हाची एक गोष्ट लक्षात ठेवा. फीसाठी मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. शिष्यवृत्ती येईपर्यंत फीचा तेवढा भाग थांबवा, असा अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी विनंतीचा कुठेच पुरावा राहत नाही.

पण जून ते दिवाळी हे अंतर कोणती योजना भरून काढणार? इथे मला अंजुमन-अल-फर्जची पावती पुस्तके आठवतात. आपल्या गावात मशिदीसाठी, कब्रस्तानाच्या भिंतीसाठी चंदा होतो आणि होतही राहो. तशीच पंधरा-वीस घरांनी मिळून एक कर्ज-ए-हसनाची पेटी केली, तर तिचे काम मोठे नाही. मंजूर शिष्यवृत्तीच्या पावतीवर किंवा कापसाच्या भरवशावर जूनमध्ये फी द्यायची आणि खात्यात पैसा आला की परत घ्यायची. हाच पैसा पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या घरात जाईल. जकात यात मिसळू नये, ती हक्कदाराला देऊन टाकायची असते. तिचा हिशेब वेगळा ठेवावा. आणि इथे सूरह बकराकडे पाहावे. कुरआनमधली सर्वात लांब आयत नमाज किंवा रोज्याबद्दल नाही. कर्ज लिहून ठेवा, मुदत ठरवा, साक्षीदार घ्या, याबद्दल आहे. त्याच्या जरा आधीच कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, असे सांगितले आहे. म्हणजे वहीही हवी आणि सवडही.

अशा वहीला मोठी संस्था लागत नाही. दोनशे पानी रजिस्टर, दोन साक्षीदार आणि उधार देणाऱ्याचे नाव कॉलेजात किंवा चौकात न उच्चारण्याची शिस्त एवढे पुरे. यंदाचा कापूस बाजारात येईल तेव्हा चंद्याची वही उघडली, तर पुढच्या मृगापर्यंत पेटीत पहिल्या दोन-तीन मुलांच्या फीपुरते पैसे जमलेले असतील.