दत्तक: एका शब्दाखालची लाल रेघ

सातारा जिल्ह्यात 'दत्तक' हा शब्द सहजपणे उच्चारण्याजोगा नाही. १८४८ साली आप्पासाहेब महाराज निवर्तले, त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला आणि सातारचे राज्य खालसा झाले. त्याआधी सुमारे शंभर वर्षे थोरल्या शाहू महाराजांच्या वारसाचा प्रश्नही दत्तकानेच सुटला. किंवा चिघळला, असे म्हणणे अधिक योग्य. म्हणूनच मलकापुरातील एका विद्यार्थिनीने निवारा केंद्रातून आणलेल्या कुत्रीविषयी 'आम्ही तिला दत्तक घेतली' असे निबंधात लिहिले, तेव्हा आमच्यापैकी एकाने त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली. ती योग्य होती का, यावर आमच्यात अद्याप एकमत नाही.

कुत्र्याला मान देण्यात सातारा मागे नव्हताच. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवितात. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदविले आहे, की शिकारीत वाघापासून जीव वाचविणाऱ्या कुत्र्याला महाराजांनी जहागिरीची सनद आणि पालखी दिली. एकदा तर भर दरबारात त्याला जरीवस्त्रे व दागिने घालून स्वतःची पगडीही त्याच्या मस्तकी ठेवली. डफला यात राजाची लहर दिसते, आम्हाला कृतज्ञता. मात्र ती कामगिरी बजावलेल्या कुत्र्याविषयीची. ज्याने काहीच केले नाही, त्याचे काय?

हा प्रश्न पुढे मुंबईत रस्त्यावर आला. बेवारस कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध ६ जून १८३२ रोजी कोटात पारशी समाज उठला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि कुलाब्याच्या सैनिकांची रसदही अडली. १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाईंच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. तिथे कुत्र्याला अभय होते, घर नव्हते. पांजरपोळ ही जीव जगविण्याची जागा. आत आलेला जीव बहुधा तिथेच संपायचा. याउलट १८६० साली लंडनमध्ये मेरी टील्बी यांनी काढलेल्या, पुढे बॅटर्सीला गेलेल्या संस्थेच्या मूळ नावातच 'तात्पुरते घर' असे शब्द होते. मुक्काम तात्पुरता म्हटला, की पुढचे घर शोधणे ओघाने आलेच.

लाल रेघेच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात दत्तकाला घेणारा जितका आवश्यक तितकाच देणारा. आणि देण्याचा अधिकार आईबापांचा. त्यामुळे अनाथ मूल सामान्यतः दत्तक जाऊ शकत नसे. पालकाला न्यायालयाच्या परवानगीने ते देता येऊ लागले ते १९५६ च्या कायद्यानंतर. म्हणजे ज्याला सर्वाधिक गरज, त्यालाच हा शब्द दीर्घकाळ बंद होता. मग रस्त्यावरच्या कुत्र्याबाबत तेवढा काटेकोरपणा कशासाठी, असे आमच्यातील दुसऱ्या पक्षाचे म्हणणे.

२२ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने या वादात भर घातली. प्राणिप्रेमींना भटका कुत्रा दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करता येईल, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची, असे त्यात म्हटले आहे. सनद नाही, पालखी नाही. फक्त परत न सोडण्याची अट. आदेश आमच्यापैकी एकाने मोठ्याने वाचून दाखविला. लाल रेघ ओढणारे गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी तो निबंध पुन्हा मागून घेतला.