खोडदच्या थाळ्या आणि विझलेले तारे

१९०८ साली ज्या खेडात हुतात्मा राजगुरू जन्मले, त्या आजच्या राजगुरुनगराहून नाशिकच्या रस्त्याने नारायणगावला जा आणि पूर्वेला खोडदकडे वळा. शेतांमध्ये तारांच्या जाळीच्या प्रचंड थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतील. एकेक ४५ मीटर व्यासाची, अशा एकूण ३०. लोक त्यांना दुर्बीण म्हणतात. मला विचाराल तर ते कान आहेत. ताणलेल्या तारांची हलकी जाळी वापरण्याची युक्ती प्रा. गोविंद स्वरूप यांची, म्हणूनच एवढा पसारा आपल्या ऐपतीत बसला.

हे कान ऐकतात काय? पुष्कळ काही, आणि त्यात मेलेल्या ताऱ्यांचे अवशेषही आले. कृत्तिकांचा पुंज शेतकऱ्याला दाखवावा लागत नाही. तारे असे घोळक्यानेच जन्मतात, एकाच वायुमेघातून. मात्र सगळ्यांचे आयुष्य सारखे नसते. सूर्याचे इंधन सुमारे १,००० कोटी वर्षे पुरते. त्याच्या ४० पट जड ताऱ्याचे ५० लाख वर्षांच्या आसपास संपते. मोठ्या घरचा खर्चही मोठा! मग गाभा कोसळतो आणि बहुधा बाकीचा तारा फुटून उधळला जातो.

४ जुलै १०५४ रोजी असा एक स्फोट चिनी ज्योतिषांनी नोंदला. २३ दिवस तो भर दिवसा दिसला. आपल्याकडे तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांचा पहिला सोमेश्वर राज्य करीत होता. त्या जागी आज वायूचे जाळे पसरत आहे, आणि मध्ये एक गोळा सेकंदाला ३० गिरक्या घेतो. तो १९६८ साली रेडिओलहरींमुळेच सापडला.

कृत्तिकांहून कितीतरी जड आणि तरुण पुंज वेस्टरलुंड यांनी १९६१ साली दक्षिण आकाशात शोधला. त्यात २००५ साली क्ष-किरणांच्या दुर्बिणीला एक अतिचुंबकीय अवशेष आढळला. त्याचा मूळ तारा ४० सूर्यांहून जड असावा. एवढ्या जड ताऱ्याचे कृष्णविवर व्हायला हवे होते, ते झाले नाही! पंडितांना आपले गणित पुन्हा मांडावे लागले.

या लहरी फार क्षीण असतात. मोटारीची ठिणगी, मोबाइलचा संदेश, विजेच्या तारांची खरखर यांत त्या बुडून जातात. खोडद निवडले ते तिथल्या शांततेसाठी आणि डोंगरांच्या आडोशासाठी. चाकणकडून वस्ती आणि कारखाने वाढतच आहेत. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या आखणीतही हा प्रश्न आडवा आला.

शिक्षकांनी मार्गशीर्षात मुलांना रोहिणी दाखवावी. वृषभाच्या दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाजवळ १०५४ ची ती जागा आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे आता काही दिसत नाही.