आठ सेकंदांचा अंधार

२४ ऑक्टोबर १९९५ चे दिवाळीतले सूर्यग्रहण तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास होते. महाराष्ट्राच्या वाट्याला खंडग्रास आले. त्या ग्रहणाचे एक कुटुंब आहे. दर १८ वर्षे आणि सुमारे ११ दिवसांनी त्यातला पुढचा भाऊ येतो. वरचे आठ तास उरतात, तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून तो दुसऱ्याच मुलखात दिसतो. या चक्राला सारोस म्हणतात. बाबिलोनच्या लोकांना ते ठाऊक होते.

या कुटुंबात दर खेपेला चंद्र जरा अधिक लांब असतो. १९९५ साली पूर्ण अंधार जास्तीत जास्त २ मिनिटे १० सेकंद होता, २०१३ साली १ मिनिट ४० सेकंद. २०३१ साली तो १ मिनिट ८ सेकंद असेल, २०४९ साली ३८ सेकंद आणि ६ डिसेंबर २०६७ रोजी फक्त ८ सेकंद! २०८५ साली निव्वळ कंकण.

२०१३ ते २०६७ ही चार ग्रहणे संकरित. चंद्राच्या सावलीचे टोक पृथ्वीपर्यंत जेमतेम पोचते. पृथ्वी गोल, त्यामुळे तिचा फुगीर मधला भाग चंद्राला जवळ पडतो. तिथे खग्रास दिसते आणि कडेला कंकणाकृती. अशा वेळी चंद्राच्या कडेवरचे डोंगर नि दऱ्यासुद्धा हिशेबात धराव्या लागतात.

व्हिएन्नाच्या ओपोल्झरने इ.स.पू. १२०८ ते इ.स. २१६१ पर्यंतच्या ८,००० सूर्यग्रहणांचे गणित मांडले, तेही संगणक नसताना. १८८६ साली पंचेचाळिसाव्या वर्षी तो वारला आणि ग्रंथ १८८७ साली निघाला. पुढे एस्पेनाक आणि मेयस यांनी २००६ साली पाच हजार वर्षांची यादी केली. तिच्यातल्या ११,८९८ ग्रहणांपैकी संकरित अवघी ५६९.

ही यादी इ.स. ३००० पर्यंत जाते. पण तिथे एक अडचण आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावते आहे. दिवस शंभर वर्षांत सेकंदाच्या दोन हजारांश भागाहूनही कमी वाढतो, पण हे सगळे साठत जाते. शिवाय मंदावण्याचा वेग एकसारखा नाही. ग्रहण कधी होणार ते चंद्र-सूर्य सांगतात. त्या क्षणी खाली कोणते गाव असेल, ते पृथ्वीने सांगायचे. चार मिनिटांची चूक झाली तर विषुववृत्तावर सावली १११ किलोमीटर सरकते.

मग पृथ्वीचा हिशेब कसा तपासायचा? मागे वळून. १५ एप्रिल, इ.स.पू. १३६ रोजी बाबिलोनमध्ये खग्रास ग्रहण लागले. तिथल्या कुणा लेखनिकाने ते ओल्या मातीच्या पाटीवर टिपले, दिसलेल्या ग्रहांसकट. पृथ्वी सदैव आजच्याच गतीने फिरत असती, तर ती सावली बाबिलोनवर पडलीच नसती. पश्चिमेला मायोर्का बेटाजवळून गेली असती. या फरकावरूनच मंदावण्याचे माप मिळाले.

त्या लेखनिकाचे नाव आपल्याला माहीत नाही. त्याने नुसते जे पाहिले ते, जसे पाहिले तसे लिहिले. हजार वर्षांनंतरची सावली कुठे पडेल हे सांगणाऱ्याला आजही त्याच्या साक्षीला जावे लागते. इतिहास शिकून काय मिळते, असे विचारणाऱ्या आमच्या घरच्या चिल्लर पार्टीसाठी हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे. २०६७ साली ती मंडळी माझ्या वयाची असतील. आठ सेकंद फार नाहीत, डोळे सांभाळून बघा म्हणावे.